घरच्या संगणकाची डागडुजी

घरांतील संगणक बरा चालला असतांना एके दिवशीं त्याच्या पडद्यावर सूचना उमटते, कीं नवी आवृत्ति तयार आहे, ती बसवावी. पुष्कळ सुशिक्षित घरांत या सूचनेला ‘नंतर’ हें उत्तर ठरलेलें असतें. चालत्या गाड्याला खीळ कशास घालावी, असा त्यामागील विचार. तो अगदींच निराधार नाहीं; परंतु तो कोठपर्यंत खरा आणि कोठून पुढें घातक, याचा निवाडा होणें अगत्याचें आहे. कारण आज याच यंत्रांतून बँकेचे व्यवहार होतात, आणि त्यांतच घराचे कागदपत्र व मुलाबाळांचीं छायाचित्रें सांठविलेलीं असतात.

ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाची कारभारीण होय. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणें, फाइली जागच्या जागीं ठेवणें, कोणत्या प्रोग्रॅमला कोठवर मुभा द्यावयाची हें ठरविणें, हीं सारीं कामें तिचीं. ती कोट्यवधि ओळींच्या आज्ञांनीं रचलेली असते. मनुष्याच्या हातची एवढी मोठी रचना निर्दोष असणें शक्य नाहीं. तींत राहून गेलेल्या फटी हळूहळू उघडकीस येतात, आणि तिचे कर्ते त्या बुजवीत जातात.

आतां ‘अपडेट’ या एकाच शब्दाखालीं दोन निराळ्या गोष्टी येतात, आणि सगळा घोंटाळा येथेंच होतो. पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारणें वेगळें, आणि वासे-तुळया काढून घर नव्यानें उभारणें वेगळें. घरोघर आढळणाऱ्या विंडोजचेंच उदाहरण घ्यावें. तिचे कर्ते मायक्रोसॉफ्ट हे २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं सुरक्षिततेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करीत आले आहेत. ही झाली शाकारणी. विंडोज १० काढून विंडोज ११ घालणें, किंवा विंडोज ११ चीच वार्षिक नवी आवृत्ति बसविणें, ही झाली घरबांधणी.

शाकारणी लांबणीवर टाकल्यानें काय होतें, हें २०१७ सालीं जगानें पाहिलें. एका यंत्रावरील फाइली दुसऱ्यास जाळ्यावरून वापरूं देण्याची जी सोय विंडोजमध्यें असते, तींत एक फट सांपडली होती. १४ मार्च रोजीं मायक्रोसॉफ्टनें तिची दुरुस्ति प्रसिद्ध केली. एप्रिलांत त्याच फटींतून शिरण्याचें आयतें साधन चोरट्यांनीं जगजाहीर केलें. आणि १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा दुष्ट प्रोग्रॅम त्याच वाटेनें सुटला. कोणी कांहीं उघडावें वा दाबावें याची तो वाट पाहत नसे. एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपण होऊन जाई, तेथील फाइली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठीं ३०० डॉलरची खंडणी मागे. सुमारें १५० देशांत त्याची झळ लागली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेंतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या हजारों भेटी रद्द कराव्या लागल्या. बाधित यंत्रांपैकीं बहुतेक विंडोज ७ चीं होतीं, आणि त्यांच्यासाठीं दुरुस्ति निघून आठ आठवड्यांहून अधिक काळ लोटला होता! पुढें २७ जून रोजीं ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या प्रोग्रॅमनें तीच फट, इतर युक्त्यांच्या जोडीनें, वापरली; तेव्हां मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें कामकाज विस्कळीत झालें.

यांत ध्यानीं घेण्यासारखी गोष्ट अशी, कीं दुरुस्ति प्रसिद्ध झाली म्हणजे जुनी व नवी प्रत ताडून पाहून फट नेमकी कोठें होती हें जाणकार चोरालाहि कळतें. म्हणून दुरुस्तीनंतरचे दिवस, ती न बसविणाराला पूर्वींपेक्षां अधिक धोक्याचे असतात. मासिक दुरुस्तीहि क्वचित् एखाद्या यंत्राला बाधते, हें खरें. पण तेवढ्यासाठीं कांहीं दिवस थांबणें निराळें, आणि महिनेच्या महिने थांबणें निराळें.

मोठ्या आवृत्तीची गोष्ट भिन्न आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं विंडोज १० ची नवी आवृत्ति निघाली, आणि ती बसवितांना कांहीं लोकांच्या फाइली पुसल्या गेल्या. चार दिवसांत ती मागें घ्यावी लागली व दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबरला पुन्हां निघाली. ज्यांनीं पहिल्याच दिवशीं उडी घेतली नाहीं, त्यांचें कांहींच बिघडलें नाहीं. तेव्हां मोठ्या आवृत्तीसाठीं दोन-तीन महिने धीर धरणें हा आळस नव्हे, शहाणपण आहे.

मात्र या धीराला मर्यादा आहे. जुन्या आवृत्तीची शाकारणी कर्ते कायमची करीत नाहींत. २०१५ सालीं निघालेल्या विंडोज १० च्या नेहमींच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्या. घरगुती यंत्रांसाठीं नांव नोंदवून घ्यावयाची जी मुदतवाढ जाहीर झाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ च्या घरगुती प्रकारांतहि प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिनेच दुरुस्त्या मिळतात. ती मुदत टळली, कीं शाकारणीहि थांबते. यंत्र पूर्वींसारखेंच चालतें, पण नव्यानें सांपडणारी फट उघडीच राहते. तात्पर्य, मोठी आवृत्ति तींतील नव्या सजावटीसाठीं नव्हे, तर पुढील दुरुस्त्या चालूं राहाव्यात म्हणून बसवावयाची.

ती बसविण्यापूर्वीं घरांतील महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि त्यांतील दोन-चार उघडून पाहाव्यात. तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं. प्रिंटर आणि जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेलें लेखन नव्या आवृत्तींत चालेल कीं नाहीं, याची चौकशी करावी. नवी आवृत्ति मानवली नाहीं, तर साधारणपणें पहिल्या दहा दिवसांत जुनीवर परत जातां येतें.

कित्येक जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. अशा यंत्रावर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालतां येते; नाहीं तर तें इंटरनेटपासून तोडून लेखनापुरतें ठेवावें. मुदत संपलेल्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार मात्र करूं नये.

घरीं करण्यासारखें पहिलें काम अगदीं लहान आहे. सेटिंग्जमध्यें जाऊन आपल्या यंत्रावर कोणती आवृत्ति आहे हें पाहावें, आणि तिची मुदत कोणत्या तारखेस संपते तें घरच्या दिनदर्शिकेवर टिपून ठेवावें. मग ‘नंतर’ म्हणावयास हरकत नाहीं. तें नंतर म्हणजे केव्हां, हें ठरलेलें असेल.