वाचणारी मुले आणि दूरचा श्रोता

श्रावणात पोथी लावण्याची चाल आमच्या भागात अजून पुरती मोडलेली नाही. श्रीधराचा ‘हरिविजय’ अथवा ‘पांडवप्रताप’ चौरंगावर ठेवून एकाने ओव्या वाचावयाच्या, दुसऱ्याने त्यांचा अर्थ सांगावयाचा, आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा वीस-पंचवीस जणांनी ऐकत बसावयाचे, अशी ही रीत आहे. वाचणारा अडखळला तर ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हातारा त्याला थांबवून पुन्हा वाचावयास लावतो. विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या पाठांविषयी लिहिताना आम्हांला या बैठकीचे स्मरण होते. कारण या नव्या उद्योगात वाचणारा आहे, ऐकणाराही आहे, परंतु थांबवणारा म्हातारा नाही. तो नाही म्हणून वाचणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

मादन हिप्परगा हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील गाव. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. तदनंतर तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. पलीकडे उमरगा, अक्कलकोट हे तालुके महाराष्ट्रात. या पट्ट्यात मराठी शाळा आहेत, कर्नाटक शासन मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकेही छापते. तथापि आमच्या वर्गात बसणाऱ्या सर्वच मुलांची घरची भाषा मराठी असते असे नाही. कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी लमाणी, तर कोणाच्या घरी दखनी बोलली जाते. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमच्या मुलांपर्यंत पोहोचणारे पाठ बहुतेक कन्नडातून होते. घरात मोबाईल एक, आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर रानात. तेव्हा आम्ही शिक्षक मंडळींनी धडे वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण पाठविण्यास आरंभ केला. रात्री मोबाईल घरी आला की मुले ते ऐकत. पुढे वरच्या वर्गातील काही मुलांनी धाकट्यांसाठी तेच धडे आपल्या आवाजात वाचले, आणि आमच्या वाचनापेक्षा त्यांचेच वाचन अधिक ऐकले गेले! याचे आम्हांला त्या वेळी थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे.

ऐकून शिकण्याचा प्रयोग मराठीला नवा नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. त्या प्रयोगाचे मर्म आमच्या मते या उलट टपालात होते. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून घरकाम व शेतीकाम सांभाळून पदवी घेऊ पाहणाऱ्या स्त्रीपुरुषांस मराठीतून एक वाट मिळाली. परंतु या वाटेचा मुख्य आधार छापील पुस्तक. आणि ज्याला छापील अक्षर दिसत नाही त्याची पंचाईत तेथेच होते.

आमची एक माजी विद्यार्थिनी लग्न होऊन उमरगा तालुक्यात गेली. तिची दृष्टी लहानपणापासूनच अधू. पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचे तिला दिसत नसे, आणि तिची शेजारीण तिला हलक्या आवाजात ते वाचून दाखवी. वर्गातील ही कुजबूज बंद करण्यासाठी आम्ही तिच्या शेजारणीला दोनदा उठवून दुसरीकडे बसविले होते. ती कुजबूज कशासाठी होती हे आम्हांला फार उशिरा कळले. ही विद्यार्थिनी आता घरी राहून बी. ए.चा अभ्यास करते. तिने विचारले, ‘गुरुजी, शाळेतली मुलं माझी पुस्तकं वाचून देतील का?’ आम्हांला नाही म्हणावयास तोंडच नव्हते.

प्रथम कायद्याचा प्रश्न आला. दुसऱ्याचे पुस्तक असे वाचून देता येते काय? १९५७च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे अपंग व्यक्तीला वाचता-ऐकता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्यास, त्यात नफा घ्यावयाचा नसेल तर, मोकळीक मिळाली. याच विषयावरील २०१३च्या मराकेश करारास मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारतच होय. मात्र ही सवलत ज्याला छापील वाचता येत नाही त्याच्यासाठी आहे. वाचावयाचा कंटाळा असणाऱ्यासाठी नाही. म्हणून आम्ही ते ध्वनिमुद्रण तिच्याखेरीज कोणासही पाठविले नाही.

यंत्राची बाजू सोपी आहे. खोलीचा घुमारा जावा म्हणून भिंतीला व मागे गोधड्या टांगाव्या, पंखा बंद करावा, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर किंचित बाजूला धरावा. एका प्रकरणाची एक स्वतंत्र ध्वनिफीत करावी आणि तिच्या आरंभी पुस्तकाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक व पृष्ठांक सांगावा. नुसत्या बोलण्यास सेकंदाला ३२ किलोबिटची घनता पुरते. तासाभराच्या वाचनास मग सुमारे १४ मेगाबाइट लागतात, आणि आमच्याकडील क्षीण जाळ्यावरूनही ते जातात.

खरी अडचण निघाली ती आमच्या लिपीत. देवनागरी जशी लिहावी तशी वाचावी, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. मुलांचे वाचन कान देऊन ऐकू लागलो तेव्हा त्यातील अपुरेपण ध्यानात आले. ‘जरा थांब’ मधील ज आणि वार्धक्य या अर्थीच्या ‘जरा’ या संस्कृत शब्दातील ज यांचा उच्चार एक नाही. पहिला दंततालव्य, दुसरा तालव्य. कागदावर दोन्ही सारखेच. कन्नडात हा भेद नसल्याने ज्यांच्या घरी कन्नड बोलतात ती मुले ‘चाक’, ‘जोंधळा’ हे शब्दही तालव्य उच्चारानेच वाचतात. ऐकणारी याच मुलखातली, तिला ते सहज कळते. किंबहुना ते तिच्या कानाला घरचे वाटते. म्हणून असे उच्चार सुधारण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. आमच्या सहकाऱ्यांपैकी काहींना हे रुचले नाही. परंतु जेथे अर्थच पालटतो तेथे मुलांना थांबवावे लागले.

याहून बिकट प्रकार अनुस्वाराचा. ‘त्यांनी ते नाकारले’ हे वाक्य पाहा. नाकारलेली वस्तू एक निमंत्रण होती, की अनेक प्रस्ताव होते? जुन्या छपाईत पहिल्या अर्थी ‘तें नाकारलें’ आणि दुसऱ्या अर्थी ‘ते नाकारले’ असे असे, आणि डोळ्याला फरक दिसे. १९६२च्या लेखननियमांनी हे अनुस्वार गेले. आम्ही त्या नियमांचे विरोधक नाही. मुलांची मोठी कटकट त्यांनी वाचविली. मात्र मोठ्याने वाचणाऱ्याला आता ‘नाकारलं’ म्हणावे की ‘नाकारले’, हे मागचे वाक्य ध्यानात ठेवूनच ठरवावे लागते. म्हणजे प्रथम समजले पाहिजे आणि मग वाचले पाहिजे. नववीतील ज्या मुलाने इतिहासाचे एक पान तीनदा पुसून पुन्हा वाचले, त्याला ते पान परीक्षेसाठी पाठ करणाऱ्यापेक्षा अधिक कळले होते, याविषयी आम्हांला शंका नाही. मोबाईलमधील यंत्रही आता मराठी वाचते, पण आम्ही ऐकलेल्या यंत्रवाचनात अशा ठिकाणी घोटाळे होते. ज्याला अर्थ कळत नाही त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा कशी करावी?

कोष्टकाने तर आम्हां सर्वांची फजिती केली. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील एक कोष्टक एका मुलीने डावीकडून उजवीकडे नुसते आकडे म्हणत वाचून टाकले. उमरग्याहून उलट निरोप आला : ‘हे पाढे कशाचे आहेत?’ तेव्हापासून नियम केला की, आधी कोष्टकाचा मथळा, मग उभे रकाने किती व कोणते ते सांगावयाचे, आणि पुढे प्रत्येक आकड्याबरोबर त्याच्या रकान्याचे नाव घ्यावयाचे. वाचन लांबते, पण ऐकणारीला बोट ठेवावयास जागा मिळते. नव्या पारिभाषिक शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घही एकदा सांगावयाचे, कारण परीक्षेत उत्तर सांगून दुसऱ्याकडून लिहवून घ्यावयाचे असले तरी त्या लेखनिकाला शब्द फोडून सांगण्याची पाळी तिच्यावरच येते. हे तिनेच कळविले. पुण्याच्या श्रवणमंडळांप्रमाणे येथेही उलट टपालानेच काम सुधारले. तिच्या निरोपांची एक वही मुलांनी ठेवली आहे, आणि नवा वाचक आला की त्याला ती प्रथम वाचावयास देतात.

तिच्या तक्रारींत एक मात्र आमच्याविषयी होती. एका मुद्रणात पाठीमागून आमचा आवाज येतो : ‘सावकाश, सावकाश!’ तो काढून टाकावा असे तिचे म्हणणे होते, कारण तो ऐकला की तिला अजूनही उठून उभे राहावेसे वाटते.

सध्या भूगोलाचे पुस्तक चालू आहे. त्यात नकाशे आहेत. एका मुलाने नदी उगमापासून मुखापर्यंत, वाटेतील गावे घेत सांगून पाहिली. दुसऱ्याने चार दिशा धरून सीमा सांगितल्या. दोन्ही मुद्रणे तिच्याकडे गेली असून उत्तराची आम्ही वाट पाहत आहो.