क्रीटचं तेल, फिनलंडचं लोणी

मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात, अँसेल कीज यांची प्रयोगशाळा होती. शस्त्र उचलायला सद्सद्विवेकापोटी नकार दिलेले 36 तरुण 1944-45मध्ये तिथे स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी राहिले. युद्धाने पिचलेल्या युरोपला पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं, याचं उत्तर शोधायचं होतं. भुकेचा इतका कसून अभ्यास केलेला शास्त्रज्ञ पुढे भरल्या ताटाकडे वळला, यात मला संगती दिसते. टंचाईच्या वर्षांत युरोपात काही ठिकाणी हृदयविकाराचे मृत्यू घटले होते. अमेरिकेत मात्र सुस्थितीतले पुरुष ऐन पन्नाशीत छातीत कळ येऊन दगावत होते. हा वयाचा भोग आहे, असं मानायची तेव्हाची रीत. कीजना ते पटेना.

1951मध्ये रोममधल्या एका परिषदेत नेपल्सच्या एका सहकाऱ्याने त्यांना सांगितलं, की आमच्याकडे हा आजार फारसा नाहीच. पुढच्या वर्षी कीज आणि त्यांच्या पत्नी, जीवरसायनशास्त्रज्ञ मार्गारेट, थेट नेपल्सला गेले. अग्निशमन दलातल्या जवानांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी निघालं, शहरातल्या धनिकांच्या रक्तात जास्त.

आहारातल्या स्निग्धांशाने रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यातून हृदयविकार होतो, हा त्यावरून बांधलेला सिद्धांत कीजनी 1955मध्ये जिनिव्हात मांडला, तेव्हा ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज पिकरिंग यांनी सर्वांत भक्कम पुरावा कोणता, असं विचारून त्यांना अडचणीत आणलं. 1957मध्ये दुसऱ्या टीकाकारांनी कीजच्या 1953च्या आलेखातल्या सहाऐवजी बावीस देशांची आकडेवारी मांडली. स्निग्धांश आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा संबंध सैल झाला, पण पुरता सुटला नाही. या टीकेला कीजनी कामानेच उत्तर दिलं. 1958मध्ये अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान या सात देशांत चाळीस ते एकोणसाठ वयाच्या 12,763 पुरुषांची पाहणी सुरू झाली. ‘बावीसांतून सोयीचे सात निवडले’ हा आरोप आजही ऐकू येतो. त्यात दोन वेगळ्या अभ्यासांची सरमिसळ आहे, आणि ती कीजवर अन्याय करणारी आहे. खऱ्या उणिवा निराळ्या: देश यादृच्छिक पद्धतीने निवडले नव्हते, स्त्रिया नव्हत्याच, आणि क्रीटमधल्या आहारनोंदींचा काही भाग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातला होता.

तरीही जे हाती लागलं ते मोलाचं होतं. पूर्व फिनलंडमधले लाकूडतोडे चीजच्या जाड कापावर लोणी फासून खात. अंगमेहनतीची त्यांना कमी नव्हती, तरी हृदयविकाराचे सर्वाधिक बळी तिथेच गेले. क्रीटच्या शेतकऱ्यांनाही जवळपास चाळीस टक्के ऊर्जा स्निग्धांशातूनच मिळत होती, पण तो ऑलिव्ह तेलाचा; त्यांच्यात हे मृत्यू सर्वांत कमी. म्हणजे स्निग्धांश किती यापेक्षा कोणता, हे या आकड्यांनीच सांगितलं होतं. नंतरच्या प्रचारात ‘कमी फॅट’ एवढंच उरलं, याची मला खंत वाटते. आपल्याकडे तूप की रिफाइंड तेल या वादात दोन्ही बाजूंनी कीजचं नाव घेतलं जातं, पण पोळीभाजी, डाळ, साखर, तंबाखू असं सगळं जगणं एकत्र मोजण्याची त्यांची पद्धत कुणी उचलत नाही.

मिनेसोटातल्या मनोरुग्णालयांत आणि एका शुश्रूषागृहात 1968 ते 1973 झालेला प्रयोग मात्र या कहाणीतलं अवघड पान आहे. त्याच्या आखणीत कीजही होते. संपृक्त मेदाऐवजी मक्याचं तेल दिल्यावर कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू घटले नाहीत. बरेच रुग्ण थोडाच काळ तिथे राहिले, ही मर्यादा खरी. तरी मुख्य निष्कर्ष छापून यायला 1989 उजाडलं, याचं समर्थन करता येत नाही.

कीज 2004मध्ये शंभर वर्षांचे होऊन गेले. त्याआधी फिनलंडने त्यांचे आकडे मनावर घेतले होते. उत्तर कारेलिया प्रांतात 1972पासून डॉक्टर, गावोगावची महिला मंडळं आणि दूधधंदेवाले अशा सगळ्यांना धरून मोहीम चालली: लोणी कमी, भाजीपाला जास्त, सिगारेट बंद, रक्तदाबावर उपचार. पुढच्या चार दशकांत तिथल्या कमावत्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले.