जुन्या लाकडाची जात

जुना वाडा पाडायला काढला की तुळया, खांब आणि कडीपाट अंगणात येऊन पडतात, आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो : हे लाकूड कशाचे? वखारवाला 'आडजात आहे' म्हणून सरपणाचा भाव सांगतो. तेच लाकूड पुढे रंधा मारून, पॉलिश चढवून 'जुना साग' म्हणून विकले जाण्याचाही संभव असतो. तेव्हा मालकाला स्वतःला थोडीफार पारख असलेली बरी.

रंगावर मात्र विसंबू नये. शंभर वर्षे धूर आणि हवा खाल्लेले बहुतेक लाकूड काळपट तपकिरीच दिसते. फणसाचेच पाहा. ताजे कापले तेव्हा हळदीसारखे पिवळे असते. पुढे उजेडाने असे गडद होते की ओळखू येऊ नये. म्हणून आधी आतले लाकूड उघडे करावे.

खरी ओळख पटते ती आडव्या छेदात, म्हणजे तुळईच्या टोकाशी. करवतीने कापलेला भाग खरबरीत असतो, त्यात काही दिसत नाही. धारदार पात्याने बोटाच्या पेराएवढी जागा गुळगुळीत तासावी, पाण्याचा थेंब लावावा आणि दहापट मोठे दाखविणारे भिंग डोळ्याशी धरून पाहावे. जी बारीक भोके दिसतात ती झाडाने पाणी वर नेण्यासाठी केलेल्या नळ्यांची तोंडे होत. सागात हंगामाच्या आरंभीच्या नळ्या मोठ्या, नंतरच्या बारीक. त्यामुळे मोठ्या भोकांची वर्तुळाकार रांगच उठून दिसते. ऐनात अशी रांग नसते. भोके सर्वत्र विखुरलेली आणि त्यांच्याभोवती फिकट कडे. शिसवीतही ती विखुरलेलीच, पण लाकडावर जांभळी झाक असते. आणि भोके मुळीच दिसली नाहीत, तर लाकूड सूचिपर्णी वृक्षाचे समजावे. बाजारात खोक्यांच्या फळ्यांना सरसकट 'देवदार' म्हणतात. ते पुष्कळदा पाइनचे असते, हिमालयातल्या देवदाराशी त्याचा संबंध नावापुरताच!

नाकाचीही मदत घ्यावी. सागाच्या ताज्या तासणीला जुन्या कातड्यासारखा वास येतो आणि ती बोटांना किंचित तेलकट लागते.

वजनासाठी तराजू नको. सारख्या जाडीची, दहा इंच लांबीची कोरडी काठी काढून उंच, अरुंद भांड्यातल्या पाण्यात उभी सोडावी आणि ती भिजण्यापूर्वीच किती बुडाली ते पाहावे. साग साधारण सहा-सात इंच बुडतो. ऐन किंवा शिसवी आठ-नऊ इंच. ही कसोटी एकटीने निर्णय देत नाही, पण 'साग' म्हणून दिलेली काठी नऊ इंच बुडाली तर सौदा थांबवावा.

एवढ्याने लाकडाचे कूळ बहुधा कळते. नेमकी जात ठरवायची तर पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. डेहराडूनच्या १९०६ साली स्थापन झालेल्या वन संशोधन संस्थेत नमुन्यांचा मोठा संग्रह आहे आणि तेथे लाकूड ओळखून देतात. नमुना आतल्या निरोगी गाभ्याचा असावा; कडेचे पांढरट किंवा किडलेले लाकूड निरुपयोगी.

राहिला 'बर्मा साग'. ब्रह्मदेशचा साग आणि आपल्याकडचा साग ही एकच जात आहे. भिंगातून गाव दिसत नाही. त्यासाठी जास्त दाम मागणाऱ्याकडे जुनी पावती मागावी.