पेशव्यांचा तह, स्वयंसेवकांचा तिरंगा

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालेला प्रवासी सोमाटणे फाटा ओलांडतो, मग तळेगाव लागते आणि त्यापुढे वडगाव मावळ. राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून जानेवारी १७७९ मध्ये तळेगावापर्यंत येऊन ठेपली होती. गाव जाळलेले, दाणागोटा हलवलेला. माघारी वळलेल्या या फौजेला महादजी शिंद्यांनी वडगावला कोंडले आणि तह करायला लावला. ही लढाई मावळात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुणे दरबाराने आणखी एक तह केला, तो मात्र विस्मरणात गेला. हा तह पोर्तुगीजांशी होता.

इंग्रजांशी युद्ध पेटलेले असताना गोव्याच्या शेजाऱ्याला दुखावून चालणार नव्हते. त्याआधी मराठी आरमाराने ‘संताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले होते, त्याचे भांडण निकालात काढायचे होते. ठरले असे, की दमणजवळची वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यायची. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेलीचा महसूल त्यांच्याकडे गेला. दादरा १७८५ मध्ये त्यांच्याकडे आले. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रजांचे राज्य आले आणि तेही गेले. पोर्तुगीज मात्र तिथेच राहिले.

वसाहती सोडताना स्पेनही असाच अडून बसला होता. नेपोलियनने १८०८ मध्ये स्पेनच्या राजालाच कैद केले, तेव्हा अमेरिका खंडातल्या स्पॅनिश वसाहतींना वरचा धनीच उरला नाही. मेक्सिकोत मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने सप्टेंबर १८१० मध्ये उठावाची हाक दिली. होसे दे सान मार्टिनने १८१७ मध्ये सैन्यासह अँडीज पर्वत ओलांडून चिलीत धडक मारली. उत्तरेकडून सिमॉन बोलिवार लढत होता. त्याचा सेनापती सुक्रे याने ९ डिसेंबर १८२४ रोजी पेरूतल्या आयाकुचो इथे स्पॅनिश फौजेचा कणा मोडला. क्युबा आणि फिलिपिन्स मात्र स्पेनने १८९८ पर्यंत हातचे जाऊ दिले नाहीत. मधल्या काळात क्युबाचा कवी होसे मार्ती रणात पडला आणि फिलिपिन्सचा कादंबरीकार होसे रिसाल याला गोळ्या घातल्या गेल्या.

पोर्तुगालमध्ये विसाव्या शतकात असा खिळखिळा राजा नव्हता, सालाझारची घट्ट हुकूमशाही होती. गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचा प्रांत आहे, असे तिचे म्हणणे होते. त्यामुळे भारत स्वतंत्र झाल्यावरही गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली परकी राहिली.

यातली दादरा आणि नगर हवेली चारही बाजूंनी भारताने वेढलेली होती. हीच त्यांची कमजोरी आणि हीच स्वातंत्र्यसैनिकांची संधी. जुलै १९५४ मध्ये दादरा आधी मुक्त केले, ते युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या कार्यकर्त्यांनी. पाठोपाठ नरोली आझाद गोमंतक दलाने आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी घेतली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी संघटित केलेले वारली कम्युनिस्टांच्या झेंड्याखाली वेगळ्या वाटेने पुढे सरकत होते. एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकाच भूमीसाठी एकाच महिन्यात चालून गेले, हे या लढ्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितलेच पाहिजे. भारत सरकारने दमणहून पोर्तुगीज कुमक जाऊ दिली नाही, पण आपले सैन्यही पाठवले नाही.

राजधानी सिल्वासा २ ऑगस्टला हाती आली. ती घेणाऱ्या तुकडीतले बहुतेक तरुण पुण्याचे आणि मुंबईचे होते. राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ नरवणे, बाबासाहेब पुरंदरे आणि संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते. मोहिमेला पैसा लागत होता, म्हणून फडक्यांच्या पुढाकाराने पुण्यातल्या हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. गाण्यातून आलेल्या पैशावर मोजकी शस्त्रे जमली आणि ती शंभरेक माणसांच्या हाती गेली. बोलिवार आणि सान मार्टिन यांच्या फौजांपुढे हे बळ नगण्यच. तरीही पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या पोलिसांसह खानवेलकडे निघून गेला आणि ११ ऑगस्टला शरण आला.

मुक्तिदात्यांचे पुढे काय झाले, याकडे इतिहासाची पुस्तके फारसे पाहत नाहीत. बोलिवार राष्ट्राध्यक्ष झाला, सत्तेच्या भांडणात होरपळला आणि १८३० मध्ये देशोधडीला लागण्याच्या वाटेवर असतानाच मेला. सान मार्टिन फ्रान्समध्ये परागंदा अवस्थेत गेला. सिल्वासाहून परतलेल्यांनी सत्ता मागितलीच नाही. पुरंदरे शिवचरित्राकडे वळले. फडक्यांच्या चालींतले ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झाले, म्हणजे सिल्वासा मुक्त होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. त्या घराघरांत ऐकल्या जाणाऱ्या आवाजाने काही महिन्यांपूर्वी परकी ठाण्यावर चाल केली होती, हे किती श्रोत्यांना माहीत असेल? इकडे मुक्त प्रदेशाचा कारभार ‘वरिष्ठ पंचायत’ नावाची संस्था पाहू लागली.

पोर्तुगाल गप्प बसला नाही. आपली हद्द परत घ्यायला सैन्य जाऊ द्या, अशी मागणी घेऊन १९५५ मध्ये त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. तिथे पुरावा म्हणून पुढे आला तो पुण्याचा १७७९ चा तह. दीडशेहून अधिक वर्षे जुने मराठी कागद न्यायाधीशांसमोर तपासले गेले. पेशव्यांनी पोर्तुगीजांना गावांचा महसूल दिला होता, सार्वभौम सत्ता नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. मात्र नंतरच्या काळात इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली होती, हेही नोंदवले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी माणसे आणि माल यांना वाट होती असे मानले गेले, सशस्त्र दलांना नव्हती. आणि भारताने आपल्या जबाबदारीविरुद्ध वर्तन केलेले नाही, असे ठरले.

११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली. मुक्त प्रदेशाच्या बाजूने करारावर सही करायला पंतप्रधान हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते ते पद देण्यात आले.

गोव्याची वाट अधिक रक्ताची निघाली. १८ मे १९५५ रोजी सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. १५ ऑगस्टच्या सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक निःशस्त्र माणसे मारली. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे त्याच वर्षी बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेण्यात आले. भारतीय सैन्याने १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त केला, तेव्हाही रानडे कैदेतच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत सिल्वासाच्या मोहिमेतले सुधीर फडके होते. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे उलटल्यावर.