जुनी गाडी घेताय? रिकामी जागा पाहा

विजयदुर्गच्या बंदरात मासळी उतरते. बागांतून आंब्याच्या पेट्या निघतात. माल न्यायला गाडी लागते. नवी परवडत नाही, म्हणून कोणी पडून असलेली जुनी पिकअप घेतो. पण तिचे सगळे भाग जागेवर आहेत का?

हे ओळखणे अवघड नाही. भाग जातो, पण त्याची जागा राहते. दोन जाड वायरी सुट्या लोंबतात? तिथे बॅटरी होती. चाकाजवळ बारीक नळी मध्येच संपते? ती ब्रेकच्या तेलाची. बोल्टाचे भोक रिकामे आहे? तिथेही काहीतरी असू शकेल.

मात्र खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. मग भोकही उरत नाही. म्हणून तशीच चालती गाडी शेजारी उभी करा. पुढून मागे, वरून खाली दोन्ही ताडून पाहा. जे नाही ते कागदावर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते ना! मेस्त्रीला विचारून प्रत्येकाची किंमत मांडा. मगच भाव करा.

सांगाड्यावर कोरलेला नंबर नोंदणीच्या कागदाशी जुळवा. जुळला नाही तर गाडी घेऊ नका.

आणि ध्यानात ठेवा. आरसा, दिवा नसला तर पैसे जातील. ब्रेक नसला तर जीव जाईल. ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.