ड्रॅगनलाही न अडणारा घोडेस्वार

एका खेळातला नियम ऐका. समोर आग ओकणारा, पंख पसरलेला ड्रॅगन उभा आहे. तुमच्याकडे आहे घोड्यावर बसलेला एक साधा शिपाई. शिपाई टाच मारतो, ड्रॅगनच्या पुढ्यातून निघून जातो आणि ड्रॅगनला त्याला अडवता येत नाही! पंखांपेक्षा घोडा भारी, असं या खेळात चक्क कार्डावर छापलेलं आहे. आणि हा नियम ज्या संचात पहिल्यांदा आला, त्याची चिनी भाषेतली कार्डं शोधण्यासाठी खेळाडू आणि संग्राहक आजही जुने डबे, दुकानांचे कोनाडे आणि लिलाव पालथे घालतात.

असं काय आहे त्यांत?

खेळाचं नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने 1993 मध्ये बाजारात आणला. दोन खेळाडू म्हणजे दोन जादूगार. प्रत्येकाचा जोड त्याने स्वतः जमवलेला. नेहमीच्या पत्त्यांत सगळ्यांकडे तेच 52 पत्ते असतात. इथे तुमच्याकडे काय आहे ते समोरच्याला ठाऊकच नसतं. कार्डं मिळतात बंद पाकिटांत. आत काय निघेल, ते फोडल्यावरच कळतं. म्हणजे खेळ पटावर सुरू व्हायच्या आधी दुकानातच सुरू झालेला असतो.

मे 1999 मध्ये या खेळाचा एक आगळा संच आला: ‘पोर्टल थ्री किंग्डम्स’. एकूण 180 कार्डं. तो मुख्यतः आशियाच्या बाजारासाठी काढला होता. छपाई चार भाषांत झाली: जपानी, इंग्रजी, मुख्य चीनमध्ये वापरतात त्या सोप्या लिपीतली चिनी आणि तैवान-हाँगकाँगमधल्या जुन्या लिपीतली चिनी. इंग्रजी संच विकला गेला तो ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. ज्या अमेरिकेत हा खेळ जन्मला, तिथल्या दुकानांत तो आलाच नाही!

विषय होता चीनच्या घराघरांत माहीत असलेली कथा. हान घराणं कोसळतं, देशाचे तीन तुकडे पडतात आणि वेई, शू आणि वू ही तीन राज्यं एकमेकांशी झुंजत राहतात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या या धामधुमीवरची महाकादंबरी चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंग या लेखकाच्या नावावर आहे. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांवर विष्णूचे दहा अवतार गोल पत्त्यांवर उतरतात ना, तशीच इथे एक अख्खी महाकादंबरी चौकोनी कार्डांवर उतरली. बरीचशी चित्रंही चिनी चित्रकारांनीच काढली.

आता रचनाकारांसमोरचा पेच पाहा. मॅजिकमध्ये उडणाऱ्या प्राण्यांना फार मान. जमिनीवरचा शिपाई त्यांना अडवू शकत नाही, म्हणून हवेतून केलेला हल्ला थेट लागतो. पण ही तर माणसांच्या युद्धाची कथा. सेनापतींना पंख कसे लावायचे? मग उत्तर निघालं घोड्याचं. ‘घोडेस्वारी’ ही शक्ती असलेल्याला फक्त दुसरा घोडेस्वारच अडवू शकतो. संचाच्या आत सगळं अगदी समतोल. पण हेच कार्ड इतर कार्डांच्या गर्दीत नेलं की गंमत होते. ही शक्ती जवळजवळ फक्त याच संचात आहे, त्यामुळे समोरच्याकडे अडवणारा घोडेस्वारच नसतो. 1999 मधला तो शिपाई ड्रॅगन, देवदूत, राक्षस अशा सगळ्यांच्या मधून सुखरूप निघून जातो. एका कथेची अडचण सोडवायला काढलेली युक्ती बाहेरच्या जगात असं अजब शस्त्र होऊन बसली.

यापेक्षाही देखणी करामत आहे ती ‘एक लाख बाण उसने’ या कार्डाची. कादंबरीत सल्लागार झूगे ल्यांगवर संकट येतं: दहा दिवसांत एक लाख बाण तयार करून दे. तो म्हणतो, तीन दिवस पुरे. आणि करतो काय? वीस नावांवर गवताच्या पेंढ्या रचतो आणि दाट धुक्यात, ढोल बडवत, शत्रूच्या छावणीसमोर त्या नेऊन उभ्या करतो. शत्रूला वाटतं हल्ला झाला. तो बाणांचा पाऊस पाडतो, बाण पेंढ्यांत रुततात आणि शत्रूच्याच बाणांनी लादलेल्या नावा परत येतात!

ही कथा नियमात कशी बसवाल? कार्ड म्हणतं: प्रतिस्पर्ध्याचे जितके सैनिक वापरून झालेले, म्हणजे पटावर आडवे वळवलेले असतील, तितकी नवी कार्डं तुम्ही उचला. वाचा पुन्हा. शत्रूने जितकी शक्ती खर्चली, तितकी तुमची झोळी भरली. एका ओळीत अख्खा प्रसंग! चिनी वाचकाला हे कार्ड समजावून सांगावंच लागत नाही. नाव वाचलं की नियम आपोआप कळतो.

मग इतका सुरेख संच दुर्मीळ कसा झाला? इथून खरी रहस्यकथा सुरू होते.

‘पोर्टल’ मालिका नवशिक्यांसाठी होती. सोपे नियम, मोजक्या शक्ती. अधिकृत स्पर्धांत तिची कार्डं चालत नसत. ज्या कार्डाने स्पर्धा खेळता येत नाही, ते जपून कोण ठेवणार? घरात खेळायचं, शिकायचं आणि पुढे सरकायचं. त्यात ‘थ्री किंग्डम्स’च्या कार्डांची किनारही पांढरी. चोखंदळ संग्राहकांचा जीव काळ्या किनारीत.

आणि 20 ऑक्टोबर 2005 रोजी एक नियम बदलला. ‘पोर्टल’ची कार्डं व्हिंटेज आणि लेगसी या जुन्या कार्डांच्या स्पर्धाप्रकारांत खुली झाली. बालवर्गातली कार्डं एका दिवसात पहिलवानांच्या आखाड्यात! खेळाडूंनी यादी चाळली आणि त्यांचे डोळे विस्फारले. ‘इम्पीरियल सील’ हे कार्ड डावात अगदी थोडक्या किमतीत तुमच्या जोडातलं हवं ते कार्ड शोधून वर आणून ठेवतं. ते इतकं ताकदवान निघालं की व्हिंटेजमध्ये जोडात त्याची एकच प्रत ठेवता येते आणि लेगसीत त्यावर बंदीच आहे. त्याची कथाही मासलेवाईक: जळालेल्या लुओयांग नगरीतल्या विहिरीत सुन ज्यान या सरदाराला सम्राटाची हरवलेली राजमुद्रा सापडते. विहिरीत दडलेलं घबाड! कार्डाचंही पुढे तेच झालं. ‘इम्पीरियल रिक्रूटर’ हे दुसरं कार्ड छोट्या ताकदीचा हवा तो साथीदार शोधून आणतं. त्यालाही लेगसीत जोरदार मागणी आली.

पण अमेरिकेतला किंवा युरोपातला खेळाडू ही कार्डं आणणार कुठून? त्याच्या देशात ती विकलीच गेली नव्हती. नजर वळली पूर्वेकडे, चिनी आणि जपानी प्रतींकडे. आणि इथेच या खेळातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट येते: चिनी कार्ड जगात कुठेही चालतं. समोरच्याला एक अक्षर वाचता आलं नाही, तरी चालतं!

कसं? कार्ड उलटं करा. मागची बाजू सगळ्या भाषांत एकच, इंग्रजी नावाची. त्यामुळे चिनी, जपानी, जर्मन कार्डं एकाच जोडात पिसता येतात. पुढच्या बाजूला किमतीची चिन्हं आणि ताकदीचे आकडे सगळीकडे सारखेच. आणि वाद झालाच तर? निर्णय कार्डावर छापलेल्या मजकुरावरून होतच नाही. प्रत्येक कार्डाचा एक अधिकृत, अद्ययावत इंग्रजी पाठ कंपनी ठेवते. त्याला ‘ओरॅकल’ म्हणतात. पंच तोच प्रमाण मानतात. म्हणजे तुमच्या हातातला कागद हा कायदा नव्हे, ती कायद्याची फक्त एक खूण आहे. मग ती खूण कुठल्याही लिपीत असेना का!

आता शोधाचं गणित पाहू. संचात 55 कार्डं ‘रेअर’, म्हणजे दुर्मीळ, दर्जाची आणि एका पाकिटात रेअर एकच. सगळी सारख्या प्रमाणात आहेत असं धरलं, तर 55 वेगवेगळी रेअर जमवायला सरासरी किती पाकिटं फोडावी लागतील? 55? शंभर? उत्तर येतं सुमारे 253! सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक पाकिटात नवं कार्ड निघतं. मग पुनरावृत्ती वाढत जाते आणि शेवटचं एकच कार्ड राहिलं, की तेवढ्यासाठी सरासरी आणखी 55 पाकिटं लागतात. आता 1999 मधली बंद पाकिटं तरी कितीशी उरली असणार? म्हणून जाणते लोक पाकिटं न शोधता सुटी कार्डं शोधतात.

चिनी येत नसेल तर ती ओळखायची कशी? अगदी सहज. कार्डाच्या तळाशी बारीक आकडे असतात. तिथे तिरक्या रेघेनंतर 180 दिसलं, की संच हाच असण्याची दाट शक्यता. रेघेआधीचा आकडा यादीशी ताडला, की कार्ड कोणतं तेही कळतं. लिपी ओळखायची तर घोडेस्वारीच्या कार्डावर घोड्याचं अक्षर शोधा. जुन्या लिपीत ते 10 रेघांचं आणि खाली चार ठिपके, जणू चार खूर. सोप्या लिपीत तेच 3 रेघांत आटोपलेलं, ठिपके गायब. एवढ्यावरून कार्ड मुख्य चीनसाठीचं की तैवान-हाँगकाँगसाठीचं, हे ठरतं.

चिनी प्रतींची मौज इथेच संपत नाही. पुढच्या काळातल्या काही संचांत, मुख्य चीनसाठीच्या प्रतींमध्ये, हाडांचे सांगाडे आणि कवट्या असलेली चित्रं बदललेली आहेत: कुठे सांगाड्यावर मांस चढलं, कुठे चित्रच नवं आलं. नियम तोच, क्रमांक तोच, चित्र मात्र जगात फक्त चिनी कार्डावर! अशा कार्डांमागे लागलेले वेगळे संग्राहक आहेत.

किंमत आली की नकलाही येतात. पण खऱ्या कार्डाच्या पोटात पुरावे दडलेले असतात. कागदाच्या दोन थरांमध्ये निळसर गाभा असतो, म्हणून टॉर्च धरली की प्रकाश ठरावीक मंदपणे पार होतो. सराफाकडे असतं तसं भिंग लावा: चित्रातले रंग म्हणजे बारीक ठिपक्यांची फुलं दिसतात, पण काळी अक्षरं मात्र सलग आणि धारदार, कारण काळा रंग वेगळा छापलेला असतो. मागच्या बाजूच्या हिरव्या टिकलीत भिंगातून पाहिलं, तर चार इवले लाल ठिपके काटकोनात मांडलेले सापडतात. साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चार ठिपक्यांवर एका कार्डाची सारी पत!

पुढे कंपनीने ही कार्डं पुन्हा छापली. ‘इम्पीरियल रिक्रूटर’ 2018 च्या ‘मास्टर्स 25’ संचात आलं, ‘इम्पीरियल सील’ 2022 च्या ‘डबल मास्टर्स’मध्ये. खेळायला कार्ड हवं असणाऱ्यांची सोय झाली. संग्राहकांचा शोध थांबला नाही, कारण पांढऱ्या किनारीची, 1999 ची चिनी प्रत पुन्हा छापली जाणार नाही.

मला विचाराल तर दुर्मिळता केवळ छापखान्यात ठरत नाही. कागद, शाई, चित्र काहीही न बदलता, कुठेतरी दूर नियमाची एक ओळ बदलते आणि डब्यातलं खेळणं ऐवज होतं. तेव्हा तैवान, हाँगकाँग किंवा ऑस्ट्रेलियात कोणी नातेवाईक, मित्र घर आवरत असेल, तर त्याला एवढंच कळवा: मुलांची जुनी कार्डं रद्दीत घालण्याआधी तळाचे बारीक आकडे एकदा वाचून बघ.