पाठविणाऱ्यांची जबाबदारी

मंगळावर माणूस वसविण्याची भाषा अद्याप थांबलेली नाही. ‘स्पेसएक्स’चे इलॉन मस्क तेथे स्वयंपूर्ण नगर उभारण्याचे स्वप्न वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अशा स्वप्नांना नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. मात्र याच वाटेने निघालेल्या एका संस्थेचे पुढे काय झाले, याचे स्मरण ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘मार्स वन’ या डच संस्थेने २०१२ मध्ये घोषणा केली की, २०२३ साली चार माणसे मंगळावर उतरतील आणि उरलेले आयुष्य तेथेच कंठतील. परतीच्या यानाची योजनाच नव्हती. मंगळावरून पुन्हा उड्डाण करणे हे अत्यंत अवघड आणि खर्चिक काम, तेच वगळले की हिशेब सोपा होतो. पहिल्या चौघांसाठी ६ अब्ज डॉलर खर्च अपेक्षित होता व तो भागविण्याची मोठी भिस्त दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर होती. २०१५ मध्ये १०० उमेदवार निवडले गेले. त्यांत तीन भारतीय होते.

या उमेदवारांना वेडे ठरविणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. जाणत्या माणसाने विचारपूर्वक पत्करलेले साहस हा त्याचा अधिकार होय. परंतु जाणाऱ्याने होकार दिला म्हणून पाठविणारा मोकळा होत नाही. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. श्वासासाठी लागणारा प्राणवायू तेथे यंत्रांनीच पुरवावयाचा. यंत्र बिघडले तर सुटा भाग पृथ्वीवरून यावयाचा, आणि यान पाठविण्यास अनुकूल काळ सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येतो. अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या संशोधकांनी २०१४ मध्ये या आराखड्याची छाननी केली, तेव्हा वस्ती वाढेल तसतसा सुट्या भागांचा भारही वाढत जाईल, असे त्यांना आढळले. म्हणजेच पाठविणाऱ्याचे वचन यान सुटताच पुरे होत नाही. तेथील शेवटचा माणूस जिवंत असेतोवर ते पाळावे लागते.

वचन देणाऱ्यांची मात्र सात वर्षांतच गत झाली. जानेवारी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या न्यायालयाने ‘मार्स वन’ची व्यापारी कंपनी दिवाळखोर ठरविली. सुदैवाने तोवर कोणी निघाले नव्हते. बुडालेल्या पेढीवर ठेवीदार निदान दावा तरी लावू शकतो. त्या चौघांनी श्वास कोणाकडे मागावयाचा होता?

१९६७ च्या अंतराळ करारान्वये खासगी संस्थांच्या अंतराळातील कार्याची जबाबदारीही संबंधित राष्ट्रांवर येते. ही तरतूद कागदावर राहून भागणार नाही. कंपनी बुडाल्यास रसद कोण पुरविणार, हे परवाना देण्यापूर्वीच ठरले पाहिजे आणि त्यासाठी निधी वेगळा काढला गेला पाहिजे. एवढे जमत नसेल, तर परतीची सोय होईपर्यंत थांबावे. मंगळ काही पळून जात नाही.